घरभेदी

द्रविड बंधूंचे नाव मराठी माणूस आजही शिवीसारखे उच्चारतो. २२ जून १८९७ रोजी पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. सरकारने २०,००० रुपयांचे बक्षीस लावले. घरझडत्यांनी संतापलेले पुणे मात्र बोलेना. अखेर गणेश शंकर द्रविड बोलला. तो चाफेकरांच्या ओळखीतला होता आणि बनावट कागदपत्रांच्या प्रकरणात तुरुंगात होता. १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदर चाफेकर फासावर गेले. ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री पोलीस अधिकारी ब्रुइन बोलावतो आहे, असा निरोप देऊन वासुदेव चाफेकर व महादेव रानडे यांनी गणेश आणि रामचंद्र द्रविड यांना घराबाहेर काढले व गोळ्या घातल्या.

आपण ही हकीगत फितुरी आणि सूड एवढ्यापुरती वाचतो. मला त्यात राज्यकारभाराची एक रीत दिसते. सरकारजवळ पैसा असतो, तुरुंग असतो. नसतो तो लोकांचा विश्वास. तेव्हा ज्याच्यापाशी तो आहे आणि ज्याची काही अडचण आहे, असा माणूस ते गाठते.

हीच रीत अमेरिकेतही दिसते. मेम्फिस शहरातील कृष्णवर्णीय छायाचित्रकार अर्नेस्ट विदर्स मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीत सर्वत्र वावरे. १९६८ च्या सफाई कामगारांच्या संपात ‘मी माणूस आहे’ असे फलक धरून उभे राहिलेले कामगार जगाला दिसले ते त्याच्या छायाचित्रात. त्याला आठ मुले होती. २००७ साली तो वारला आणि २०१० साली तेथील वृत्तपत्राने उघड केले, की तो केंद्रीय गुप्तचर खात्याला माहिती व छायाचित्रे पुरवीत असे. वर्षानुवर्षांच्या या कामाचे त्याला सुमारे २०,००० डॉलर मिळाले होते.

त्याचा संशय कसा आला नाही? आपल्या इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांचा मोर्चा निघाला, तर फोटो काढणाऱ्याला कोणी अडवील का? उलट वाट करून देतील. विदर्सलाही अशीच वाट मिळाली.

बातमी फुटल्यावर किंग यांचे सहकारी अँड्र्यू यंग म्हणाले, की चळवळीपाशी लपविण्यासारखे काही नव्हतेच. डिक ग्रेगरी यांनी मात्र त्याला विश्वासघातकी ठरविले. मला दोन्ही म्हणणी पटतात. पुण्यातला कट गुप्त होता, म्हणून एका नावाने फास आवळला. मेम्फिसची चळवळ उघड होती, म्हणून ती टिकली. पण ज्यांनी विदर्सला घरात जेवू घातले, त्यांचे काय? त्यांचे चेहरे त्याच्या छायाचित्रांत आहेत, तसेच सरकारी दप्तरातही आहेत. ती छायाचित्रे खोटी नाहीत. म्हणूनच ती पाहताना मन स्वस्थ राहत नाही.