क्षमा कोणी करायची?

चोपडा तालुक्यात दोन शेतकऱ्यांची एक सामाईक विहीर आहे असे समजू. केळीला पाणी देण्याच्या पाळ्या ठरलेल्या आहेत. वीज उशिरा आल्याने एकाची पाळी लांबली. दुसऱ्याला वाटले, मुद्दामच केले. त्याने पुढची पाळी अडवली. मग पहिल्यानेही अडवली. आता हे थांबणार कसे?

रॉबर्ट ॲक्सलरॉड यांच्या १९८० च्या सुमाराच्या संगणकीय स्पर्धांत 'जशास तसे' ही साधी नीती जिंकली. पण गैरसमजाला वाव असला की ती अशीच अडकते. १९९२ मध्ये नोवाक व सिगमुंड यांनी आपल्या प्रतिकृतीत दाखवले, की अशा वेळी तीनपैकी सुमारे एक आगळीक सोडून देणारी नीती सरस ठरते. सगळ्याच आगळिकी सोडणारा मात्र लुबाडला जातो.

माणसाची क्षमा या हिशेबात पुरती मावत नाही. १८५६ मध्ये जोतीराव फुले यांच्यावर मारेकरी घातले गेले. जोतीरावांनी त्यांना क्षमा केली व पुढे ते दोघे त्यांचे सहकारी झाले, असे चरित्रकार सांगतात. ही क्षमा जोतीरावांची स्वतःची होती. कोणी लादलेली नव्हती.

वर्गात मात्र आपण मार खाल्लेल्या मुलालाच म्हणतो, "जाऊ दे, हात मिळव." त्यातून त्याला एवढेच कळते, की आपले दुखणे कोणी मोजलेच नाही. आधी त्याचे ऐकून घ्यावे, मारणाऱ्याने चूक कबूल करावी, नुकसान भरून द्यावे. क्षमा करायची की नाही, हे ज्याला लागले त्यालाच ठरवू द्यावे.