फाडलेला कर्जरोखा

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी आमच्या खामगावच्या काही पेढ्यांवर आजही वह्यांची पूजा होते. नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते. परंतु जुन्या वहीतील बाकी नव्या वहीत ओढली जातेच. सण आला म्हणून कोणी उधारी सोडीत नाही! ख्रिस्ती धर्मातील ‘पापक्षमा’ या कल्पनेचा विचार करताना मला ही वही हटकून आठवते.

आपल्याकडे पापाची कल्पना बहुधा मळाची. याच बुलढाणा जिल्ह्यात लोणारला गोमुखाची अखंड धार आहे. तिच्याखाली भाविक स्नान करतात, ते पाप धुऊन निघावे म्हणून. मळ गेला, तर त्यात दुसऱ्या कोणाचे काही जात नाही. धुण्याची उपमा ख्रिस्ती शास्त्रातही आहे. बाप्तिस्मा हा पाण्याचाच संस्कार. तथापि, मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकविली, तीत पापासाठी शब्द येतो तो ‘ऋण’. आणि ऋणाची गोष्ट निराळी. माफ केलेले कर्ज हवेत विरत नाही. ते सावकाराच्या अंगावर पडते.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व रोखे जाळले. ते कुळांनी जाळलेले रोखे. ख्रिस्ती श्रद्धा सांगते ते याच्या उलट : येथे धनको आपण होऊन रोखा रद्द करतो आणि बूड स्वतः सोसतो. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने म्हटले आहे, की आपल्याविरुद्धचे ऋणपत्र देवाने वधस्तंभाला खिळून टाकले. क्षमा फुकट मिळते, पण ती फुकटची नसते.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ शिकवीत असता एका विद्यार्थिनीने मला विचारले, “सर, मग पाप करावे, क्षमा मागावी, पुन्हा पाप करावे; सोपेच झाले की!” प्रश्न रास्त आहे, आणि जुनाही. पौलानेच रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तो उपस्थित करून ठामपणे नाकारला आहे. लूकाने सांगितलेली जक्कयाची कथा पाहा. हा जकातदार लोकांना नाडून श्रीमंत झालेला. ‘आधी पैसे परत कर, मग तुझ्या घरी येतो’ असे येशू त्याला म्हणाला नाही. तो आपण होऊन गेला. तेव्हा जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट देण्याचे कबूल केले. पश्चात्ताप हवाच, परंतु तो क्षमेची किंमत नव्हे, क्षमा घेण्यासाठी पसरलेला रिकामा हात होय. कॅथलिक धर्मगुरूपुढे पाप कबूल करतात, प्रॉटेस्टंट थेट देवापुढे. कृपा देवाचीच, हे दोघांनाही मान्य.

हे उमगणे विदुषींनाही सोपे गेले नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना जोगिणी मायेने उभ्या करताना पाहिल्या. या मायेचे मूळ काय, असे विचारल्यावर त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही, पापक्षमा हे कमवायचे फळ नसून स्वीकारायचे दान आहे, हे मनोमन पटायला आणखी आठ वर्षे लागली, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात अशाच स्त्रियांसाठी त्यांनी घर उभारले. त्याचे नाव ‘कृपासदन’.

आता शेवटचा हिशेब. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील चाकराला राजाने दहा हजार तालांत माफ केले. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. फेडायला दीड लाखाहून अधिक वर्षे! तोच चाकर बाहेर पडतो आणि शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. राजाला हे कळते, आणि त्याची माफी रद्द होते.

शंभर दीनार ही काही क्षुल्लक रक्कम नव्हे. तीन महिन्यांहून अधिक काळाची ती मजुरी. सोबत्याचे देणे खोटे होते, असे येशू म्हणत नाही. आमच्या वऱ्हाडात धुऱ्यावरच्या हातभर जमिनीपायी सख्खे भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत, आणि त्यातल्या एकावर खरोखरच अन्याय झालेला असतो. ख्रिस्ती शिकवण त्यालाच गाठून विचारते : तुझे येणे खरे आहे, कबूल, पण तुझा स्वतःचा रोखा कोणी फाडला, ते आठवते का? वाचकहो, हा प्रश्न ख्रिस्ती नसलेल्या घरातही, वहीपूजनाच्या दिवशी, विचारून पाहण्याजोगा आहे.