भाताच्या खाचरात लपलेले फरारी

बँक लुटायची, गाडीत उडी मारायची, सुसाट सुटायचं आणि पळता पळता एकमेकांत आणखी गुंतायचं. गुन्हेगार प्रेमिकांच्या जुन्या कृष्णधवल सिनेमांचा हा ठरलेला मामला. पण या घराण्यातला माझा सर्वांत लाडका सिनेमा घडतो भातशेतीत! महाड-पोलादपूरकडच्या माणसाने तो पाहिला, तर चिखलात वाकलेल्या बायकांची रांग बघून त्याला आपलीच लावणी आठवेल.

सिनेमाचं नाव ‘रिसो आमारो’, साल 1949, दिग्दर्शक जुझेप्पे दे सांतिस. वॉल्टर आणि फ्रान्चेस्का हे जोडपं रत्नहार चोरतं. पोलीस मागावर असतात, म्हणून इटलीतल्या तूरिन स्टेशनवर फ्रान्चेस्का मजूर बायकांच्या गर्दीत मिसळते आणि थेट व्हेर्चेल्लीच्या भातखाचरांत जाऊन पोहोचते. लपायला जागा कुठली, तर गुडघाभर पाणी आणि शेकडो वाकलेल्या पाठी.

या बायका दर वर्षी मे-जूनच्या सुमारास उत्तर इटलीत लावणी-बेणणीला यायच्या. डोक्यावर रुंद काठाची गवती टोपी, मांड्यांपर्यंत मोजे, हातात रोपांची जुडी. आपल्याकडे डोक्यावर इरलं असायचं आणि पाऊस वरून कोसळायचा; तिथे ऊन आणि पाटाचं पाणी. सिनेमात काम चालू असताना बोलायला बंदी आहे, गायला मात्र नाही. म्हणून जे सांगायचं ते गाण्यातून सांगितलं जातं, भांडणसुद्धा! कंत्राट मिळालेल्या आणि कंत्राटाविना आलेल्या बायका खाचरात एकमेकींना गाण्यातूनच सुनावतात. तो प्रसंग चुकवू नका.

आता खरी मेख. हार निघतो खोटा. मग वॉल्टरचा डोळा जातो गोदामातल्या तांदळावर. या बायकांना मजुरीत पैशांबरोबर तांदूळही मिळायचा, म्हणजे तो डल्ला मारणार थेट त्यांच्या घामावर. सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून पाण्याची दारं उघडून उभी शेतं बुडवायचा बेत शिजतो. बँक लुटणाऱ्या जोडीवर प्रेक्षक जीव टाकतो, कारण बँकेचं नुकसान कुणाला टोचत नाही. इथे मात्र चोराचं रूप, त्याचा रुबाब, सगळं एका क्षणात उतरतं. लावणीला एक दिवस वाकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

चटकन आणखी काही. सिनेमाची नायिका सिल्व्हाना मान्गानो शूटिंगच्या वेळी अवघी 18 वर्षांची होती आणि त्याआधी ‘मिस रोम’ झालेली. निर्माते दिनो दे लॉरेन्तीस यांच्याशी 1949मध्येच तिचं लग्न झालं. नायक राफ वालोने आधी तोरिनो क्लबचा फुटबॉलपटू होता, मग पत्रकार झाला. फ्रान्चेस्का झालेली डोरिस डाउलिंग तर अमेरिकेतल्या ‘द ब्लू डाहलिया’ या अस्सल नॉयरमधून, म्हणजे काळोख्या गुन्हेगारी सिनेमातून आलेली. कथेला ऑस्करचं नामांकनही मिळालं.

अमेरिकेतला नामी नमुना हवाच असेल, तर ‘गन क्रेझी’ (1950) पाहा. दिग्दर्शक जोसेफ एच. लुईस यांनी कॅमेरा गाडीत मागच्या सीटवर ठेवून बँकेवरचा दरोडा एका दमात, एकही कट न घेता टिपला. पटकथेवर नाव मिलार्ड कॉफमन यांचं, पण लिहिणारे होते डाल्टन ट्रम्बो. ते हॉलिवूडच्या काळ्या यादीत होते, म्हणून नाव उसनं घ्यावं लागलं.

‘रिसो आमारो’चा धागा आपल्या किनाऱ्यालाही लागला. गुरुदत्त यांचा ‘जाल’ (1952) त्यावरूनच स्फुरला, असं मानलं जातं. भातशेतीच्या जागी आलं पोर्तुगीज अमलातल्या गोव्याचं कोळ्यांचं गाव, हाराच्या जागी तस्करीचं सोनं. टोनी झाला देव आनंद, मारिया गीता बाली. देवसारख्या देखण्या नायकाला सरळसरळ लबाड, मुलीला फशी पाडणारा दाखवायला त्या काळी मोठी हिंमत लागत होती, आणि ती गुरुदत्तनी दाखवली.

या दोघांची दोस्ती जमली पुण्यात, प्रभात स्टुडिओच्या आवारात. तीही धोब्यामुळे! त्याने शर्टांची अदलाबदल केली आणि देवला आपला शर्ट गुरुदत्तच्या अंगावर दिसला. तिथून सुरू झालेल्या मैत्रीत देवने शब्द दिला: मी निर्माता झालो, तर दिग्दर्शक तू. तो शब्द ‘बाझी’ने (1951) पाळला, आणि पाठोपाठ आला ‘जाल’. त्यात पहिल्यांदाच गुरुदत्तसाठी कॅमेरा सांभाळणारे व्ही. के. मूर्ती पुढे ‘प्यासा’ आणि ‘कागज के फूल’चे जादूगार ठरले, दादासाहेब फाळके पुरस्कार मिळवणारे पहिले छायालेखकही तेच.