शेजारच्याशी बोला!

एक जड ट्रक आणि एक लहान मोटार समोरासमोर धडकतात. ट्रकने मोटारीवर लावलेले बल जास्त, की मोटारीने ट्रकवर लावलेले? न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणून दाखवणारी पुष्कळ मुले 'ट्रकने' असे उत्तर देतात. (चेंदामेंदा मोटारीचाच होतो ना!) बले सारखीच असतात, वस्तुमान कमी म्हणून मोटारीच्या वेगात फरक जास्त पडतो.

१९९०च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांना हाच अनुभव आला. अवघड गणिते सोडवणारे त्यांचे विद्यार्थी अशा साध्या प्रश्नांवर अडखळले. एक प्रश्न त्यांनी फळ्यावर दोनदा समजावला, तरी चेहरे कोरेच. शेवटी त्यांनी मुलांना आपसांत बोलायला सांगितले. वर्गात एकच गलका झाला आणि काही मिनिटांत उत्तर निघाले! ज्याला एखादी गोष्ट नुकतीच समजली आहे, त्याला ती कोठे अडते हे आठवत असते. शिक्षक ते केव्हाच विसरलेला असतो.

पण येथे एक रास्त शंका येते. चर्चेनंतर बरोबर उत्तरे वाढतात ती समजल्यामुळे, की हुशार मुलाचे ऐकून? अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात जनुकशास्त्राच्या वर्गात ही शंका तपासली गेली आणि निष्कर्ष २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात आले. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचे, मग चर्चा, मग त्याच प्रश्नाचे पुन्हा उत्तर. ते बरोबर की चूक हे न सांगताच त्याच तत्त्वावरचा दुसरा प्रश्न, तोही एकट्याने सोडवायचा. नुसती नक्कल असती तर येथे मुले घसरली असती. तसे झाले नाही. एवढेच नव्हे, ज्या गटांत सुरुवातीला कोणालाच उत्तर येत नव्हते, त्यांतही काही मुले चर्चेतून उत्तरापर्यंत पोहोचली, असे विश्लेषणातून दिसले.

आपल्या साठ मुलांच्या वर्गात हे करायला कोणतेही यंत्र लागत नाही. पर्यायाचा क्रमांक बोटांनी, छातीशी धरून दाखवायला सांगावा, म्हणजे शेजारच्याला दिसत नाही. मात्र चर्चेआधी स्वतःचे उत्तर ठरवायलाच हवे. ही पायरी गाळली तर खरोखरच नक्कल होते. माझूर यांचा अडाखा असा: तीस टक्क्यांहून कमी उत्तरे बरोबर असतील तर पुन्हा शिकवावे, सत्तरहून जास्त असतील तर पुढे जावे. चर्चा मधल्या टप्प्यासाठी.

ट्रकचा प्रश्न झाल्यावर दुसऱ्या दिवशी हा विचारून पाहा: होडीतून काठावर उडी मारणारा माणूस आणि मागे सरकणारी होडी, यांपैकी कोणावर बल जास्त?