रातकिडा उपाशी, तर सरडा आजारी

बिअर्डेड ड्रॅगन हा मूळचा ऑस्ट्रेलियातला सरडा युरोप-अमेरिकेत हौसेने पाळला जातो. त्याच्या खाण्यासाठी डबाभर जिवंत रातकिडे आणायचे आणि चार दिवसांत त्यातले निम्मे मेलेले पाहायचे, हा अनेकांचा अनुभव. बऱ्याचदा दोष भुकेचा नसतो. ओलावा आणि कोंडलेली हवा किड्यांचा जीव घेते. विष्ठा व मेलेले किडे दमट डब्यात कुजले की अमोनिया साचतो आणि उरलेलेही दगावतात.

म्हणून झाकण जाळीचे हवे, तळ कोरडा हवा आणि तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअस. लपायला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठेवावेत. वाटीतल्या पाण्यात रातकिडे बुडतात. त्याऐवजी गाजराचे ताजे काप द्यावेत.

पण किडे नुसते जगवून भागत नाही. रातकिड्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त असतो. आहारात कॅल्शियम कमी पडले, की सरड्याचे शरीर ते हाडांतून काढून घेते. मग जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. यासाठी सरड्याला देण्याआधी एक-दोन दिवस रातकिड्यांना कॅल्शियमयुक्त खाद्य द्यावे आणि देताना वर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. ते कॅल्शियम शोषले जाण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व लागते. म्हणून पिंजऱ्यात अतिनील ‘बी’ किरणांचा दिवाही हवा.

उरलेले किडे रात्री मात्र काढून घ्यावेत. भुकेले रातकिडे झोपलेल्या सरड्यालाच कुरतडतात.