कुतूहल : समोरून आलेली गाडी

वर्ध्याच्या उन्हाळ्यात पावाचं पीठ भराभर फुगतं, ते यीस्टमुळे. या यीस्टची उपासमार झाली तर? गुणसूत्रांचे दोन संच असलेली पेशी बीजाणू बनवते. एकच संच असलेलीनं तसं करणं म्हणजे मरणच. वाटून द्यायला जोडी कुठंय? तिला आवरतो उलटा, म्हणजेच अँटिसेन्स आरएनए.

बीजाणूंसाठी ‘आयएमई४’ हे जनुक वाचलं जावं लागतं. एकसंची पेशीत ते शेपटाकडूनही वाचलं जातं आणि त्यातूनच हा उलटा आरएनए बनतो. एकेरी रेल्वेलाइनीवर समोरून गाडी आली की इकडची अडकते, तसं सरळ वाचन अर्धवट राहतं.

दोनसंची पेशीत एक प्रथिनजोडी शेपटाशीच ठाण मांडून उलटं वाचन रोखते. २००६ साली उलगडलेली ही यंत्रणा मला फार देखणी वाटते: इथं अडथळ्यालाच अडवलं की जनुक चालू होतं.