घरच्या कॉम्प्युटरवर अख्खा बँड कसा रेकॉर्ड करतात?
एकाच माइकवर बँड रेकॉर्ड केला, तर ड्रम्सखाली दबलेला गायकाचा आवाज नंतर वर काढणं फार कठीण. म्हणून प्रत्येकाला वेगळा माइक आणि वेगळा ट्रॅक हवा. पण तीन-चार यूएसबी माइक जोडून भागत नाही. प्रत्येकाचं अंतर्गत घड्याळ निराळं असतं, त्यामुळे ट्रॅक हळूहळू मागेपुढे सरकतात. ८ इनपुटचा ऑडिओ इंटरफेस मात्र सगळे आवाज एकाच घड्याळावर नोंदवतो.

माइकमधलं अंतरही महत्त्वाचं. ध्वनीला १ मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. एकच आवाज दोन माइकमध्ये असा पुढेमागे पोहोचला, की मिक्समध्ये पोकळ वाटतो. ठोकताळा सोपा आहे: माइक वाद्यापासून १ फुटावर असेल, तर शेजारचा माइक त्याच्यापासून किमान ३ फुटांवर ठेवावा. आणि लेव्हल लाल रंगापर्यंत नेऊ नये. फाटलेला आवाज नंतर पूर्ववत होत नाही.